शेताचं आडनाव

जर्मनीच्या वायव्य भागात, वेस्टफालिया नावाच्या मुलखात, काही शतकं एक चाल होती. ती ऐकून आपल्याकडचा कुठलाही सासरा खूश होईल आणि घरजावई मात्र तोंड लपवेल. शेतकऱ्याच्या घरी मुलगा नसला आणि मुलीशी लग्न करून बाहेरचा तरुण तिथे राहायला आला, की त्याचं स्वतःचं आडनाव मागे पडे. त्याला त्या शेताचं नाव लागे आणि पुढे त्याच्या मुलांनाही तेच. बायको वारली आणि त्याने दुसरं लग्न केलं, तरी दुसरी बायको आणि तिची मुलं त्याच नावाने ओळखली जात. मूळ घराण्याच्या रक्ताचं कुणीही उरलेलं नसताना मूळ घराण्याचं नाव पिढ्यान् पिढ्या चालू राही, कारण ते नाव माणसांचं नव्हतंच. ते जमिनीचं होतं. माणसं तिथे येऊन जाऊन असत.

आता सुरतेच्या लिंबायतमध्ये या. नीलगिरी सर्कलपासून गोडादऱ्याकडे जाताना दुकानांच्या पाट्या वाचा. पाटील, चौधरी, महाजन, पुन्हा पाटील. धुळे, नंदुरबार, जळगाव इथून आलेली ही माणसं. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२पासून निवडून येणाऱ्या आमदारही संगीता पाटीलच. पाटील हा गावाच्या वसुलीचा हुद्दा होता. त्या हुद्द्याला जमीन जोडलेली होती. हुद्दा गेला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, वावर शिवारातच राहिलं आणि आडनाव मात्र सुरतेच्या उधना स्टेशनवर गाडीतून उतरलं.

तिकडे शेताने माणसाचं नाव गिळलं आणि इकडे माणसाने नाव घेऊन शेत सोडलं. असं का झालं, हे शोधायला निघालं की सम्राट शार्लमेनपासून सुरतेच्या मागांपर्यंतचा रस्ता लागतो.

एका छपराखालचं जग

जर्मन शेतकरी ज्याला ‘होफ’ म्हणतो ते नुसतं शेत नव्हे. राहतं घर, गोठा, धान्याचं कोठार, पाव भाजायची वेगळी भट्टी, विहीर, अंगणातली ओकची झाडं, आजूबाजूची नांगरट, कुरण आणि सामाईक रानात गुरं चारायचा हक्क, हे सगळं मिळून एक होफ. कागदावर ती एकच वस्तू. त्यातली विहीर एकाला आणि कुरण दुसऱ्याला, असं होत नसे.

खानदेशात घर गावठाणात आणि वावर दूर शिवारात असतं. वेस्टफालियात होफ बहुधा स्वतःच्या जमिनीच्या मधोमध एकटा उभा. तिथलं जुनं घर पाहून थक्क व्हायला होतं. लाकडी खांबांवर तोललेलं प्रचंड उतरतं छप्पर. समोर बैलगाडी भरल्या गवतानिशी आत जाईल एवढा दरवाजा. आत लांबलचक मोकळी जागा, तिथेच झोडपणी आणि मळणी. दोन्ही बाजूंना गायी आणि घोडे, तोंडं मधल्या जागेकडे करून बांधलेले, म्हणजे वैरण टाकायला सोपं. वर माळ्यावर वर्षाचं धान्य. आणि सगळ्याच्या शेवटी चूल. जुन्या घरांना धुराडं नसे. चुलीचा धूर माळ्यावरच्या धान्यातून वाट काढत छपराबाहेर पडे. त्याने धान्य वाळे, किडीला आळा बसे आणि आढ्याला टांगलेलं मांस टिके. धूर तिथे कामावर ठेवलेला गडीच होता.

ओस्नाब्रुक शहरातला कायदेपंडित युस्टुस म्योझर (१७२०–१७९४) याने या घराचं कौतुक केलं ते एका फार व्यावहारिक कारणासाठी. चुलीपाशी सूत कातत बसलेल्या घरधनिणीला जागचं न हलता घराचे दरवाजे दिसतात, पोरं दिसतात, गडीमाणसं दिसतात, गुरं दिसतात. घराची सगळी देखरेख एका बैठकीत. क्लोपेनबुर्ग गावात १९३४ साली स्थापन झालेल्या खुल्या संग्रहालयात अशी घरं मूळ जागेवरून सुटी करून पुन्हा उभी केली आहेत. त्यात १८०५ सालचा क्वाटमान होफ आहे. अशा घरांच्या दरवाजावरच्या आडव्या तुळईवर नवरा-बायकोची नावं, बांधकामाचं साल आणि बायबलमधलं वचन कोरलेलं असे. त्यात बायकोचंही नाव असे, कारण पुष्कळदा होफ तिच्याकडूनच आलेला असे.

सम्राटाची यादी

या व्यवस्थेचं मूळ शोधत मागे गेलं की इसवी सन ८००च्या आसपास एक अजब दस्तऐवज हाती येतो. युरोपचा मोठा भाग ताब्यात असलेल्या शार्लमेनच्या दरबारातून राजघराण्याच्या शेतवाड्यांसाठी निघालेला हा हुकूम, सत्तर कलमांचा. त्यात शेवटच्या कलमात मळ्यात काय काय लावायचं त्या झाडांची नावं आहेत. भाज्या, औषधी वनस्पती, फळझाडं, सगळं. द्राक्षं पायांनी तुडवून रस काढू नये, अशी सक्त ताकीद आहे. शोभेसाठी मोर पाळावेत, असंही आहे. आणि नाताळपर्यंत वर्षाचा हिशेब वेगवेगळ्या सदरांत लिहून पाठवायचा: लाकडं किती, मध किती, मेण किती, कोंबड्या-अंडी किती. बाराशे वर्षांपूर्वीचा सम्राट अंड्यांचा हिशेब मागत होता!

राज्य एवढं मोठं, नाणी कमी आणि रस्ते खराब असताना महसूल एका जागी आणून साठवणं शक्य नव्हतं. म्हणून राजा, मठ आणि सरदार यांनी मुलूखभर मुख्य वाडे ठेवले. प्रत्येक वाड्याभोवती कुळांची लहान शेतं. एका कुटुंबाचं पोट भरेल आणि वर मालकाचं देणं निघेल एवढी जमीन म्हणजे एक एकक. मोजणी साखळीने नव्हे, पोटाने होई. त्यामुळे काळ्या जमिनीत ते एकक लहान आणि रेताड जमिनीत मोठं. या वाड्यावर देखरेख करणारा कारभारी म्हणजे मायर. तो कुळांकडून धान्य गोळा करी, वेठीचे दिवस मोजी, भांडणं ऐके आणि मालकाला हिशेब देई.

बाराव्या-तेराव्या शतकापासून बाजारपेठा वाढल्या, नाणं खेळू लागलं. मालकांना स्वतः शेती करवून घेण्यापेक्षा ठरावीक खंड सोयीचा वाटू लागला. मग मुख्य वाडाच मायरला खंडाने दिला गेला. कारभारी कूळ झाला, हळूहळू त्याचा हक्क वंशपरंपरेचा झाला आणि हुद्दा आडनावात शिरला. आज मायर हे जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. लिंबायतच्या पाटलांना या माणसाची ओळख वेगळी करून द्यायला नको. वसुली, न्यायनिवाडा, मानपान आणि त्या बदल्यात जमीन: पाटीलकीची सगळी कलमं त्याच्याकडेही होती.

अखंडपणा कुणासाठी?

होफ पाचशे-सहाशे वर्षं अखंड राहिले याचं श्रेय जर्मन शेतकऱ्याच्या भूमिप्रेमाला देणारं लिखाण ढिगाने आहे. खरी गोष्ट जास्त रुक्ष आहे आणि म्हणूनच जास्त मजेची. उत्तर जर्मनीत सोळाव्या-सतराव्या शतकांत राजेरजवाड्यांनीच होफ वाटायला मनाई केली. त्यांचा कर माणशी नव्हता, होफवर होता. होफचे चार तुकडे झाले की चौघेही कर चुकवायला मोकळे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) गावंच्या गावं ओस पडली. तेव्हा ओसाड होफवर लवकरात लवकर कुणीतरी बसवा आणि बसवल्यावर तो मोडू देऊ नका, हे सरकारी धोरणच झालं. वारस लहान असेल तर विधवेने दुसरं लग्न करावं आणि त्या नवऱ्याने मुलगा वयात येईपर्यंत कारभार पाहावा, यासाठीही नियम होते. चूल थंडावता कामा नये, कारण चुलीमागे खजिना होता.

मग एक वारस कोण? इथेही गंमत आहे. पुष्कळ ठिकाणी थोरला मुलगा, पण दक्षिणेतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात चक्क धाकटा. त्यातला व्यवहार साधा. थोरला पंचविशीत येतो तेव्हा बाप अजून धट्टाकट्टा असतो. त्याला गादी सोडायची नसते. धाकटा मोठा होईपर्यंत बाप थकतो आणि थोरले बाहेर मार्गी लागलेले असतात.

बापाच्या निवृत्तीचाही लेखी करार होई. होफ मुलाच्या हवाली करायचा आणि आवारातल्या छोट्या घरात राहायला जायचं. कागदावर सगळं नोंदलेलं: राय हे धान्य इतकी मापं, दूध रोज इतकं, अंडी, लोणी, सरपण इतकं. आपल्याकडे भावांच्या वाटणीत म्हातारा एकाकडे आणि म्हातारी दुसऱ्याकडे, असा निवाडा झालेला कुणी पाहिला असेल तर त्याला या कोरड्या कागदातली माया कळेल. मुलाच्या आणि सुनेच्या मर्जीवर एक अंडंसुद्धा सोडलेलं नव्हतं.

गडीमाणसांचं सालही ठरलेलं असे. बव्हेरियात २ फेब्रुवारीच्या सणाला, तर इतर कित्येक भागांत ११ नोव्हेंबरला जुने गडी सुटत आणि नवे लागत. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बदलतं. दोन्हीकडचा हिशेब एकच. शेताला फुरसत असते तेव्हाच माणसाला सुटी परवडते.

जमीन वाटली नाही, मग माणसं वाटली

आता अवघड प्रश्न. एकाला सगळं मिळालं, मग बाकीच्या भावंडांचं काय झालं?

काही जण त्याच होफवर बिनलग्नाचे काका-आत्या होऊन आयुष्यभर राबले. काही पाद्री झाले, काही कारागीर, काही सैनिक. आणि फार मोठा वर्ग झाला तो ‘हॉयरलिंग’ लोकांचा. होफच्या कडेला एक लहानसं घर आणि चिमूटभर जमीन खंडाने घ्यायची, बदल्यात मालक हाक मारील तेव्हा कामावर हजर व्हायचं. तेवढ्याने पोट भरत नसे. मग उन्हाळ्यात हजारो जण पायी हॉलंडला जात, गवत कापायला आणि दलदलीतलं जळण खणायला. हिवाळ्यात घरात सूत कातणं आणि जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं, कापड विणणं. बीलेफेल्ड शहराचं लिननचं कापड सगळीकडे नावाजलं गेलं ते या झोपड्यांमधल्या बोटांवर. पुढे इंग्लंडचं यंत्रावरचं सूत स्वस्तात येऊ लागलं आणि १८४०च्या आसपास हातकताईचा कणा मोडला. १८५४ साली बीलेफेल्डमध्ये मोठी सूतगिरणी निघाली. कित्येकांनी तोवर अमेरिकेचं जहाज गाठलं होतं.

लिंबायतमध्ये राहणाऱ्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा. शेतात वाटा नसलेला माणूस, एका खोलीचं घर आणि माग! इथे रातपाळी संपवून मागांच्या खात्यातून बाहेर पडणारा कारागीर, घरी साड्यांना लेस-पट्टी आणि टिकल्या लावणारी त्याची बायको, आणि बीलेफेल्डजवळच्या झोपडीत सूत कातणारं जोडपं यांच्यात दोन शतकं आणि हजारो किलोमीटर आहेत. दोघांच्या घरचं अर्थकारण मात्र बरंचसं एकच.

गंमत म्हणजे जर्मनीच्याच नैर्ऋत्येला, व्युर्टेम्बेर्ग आणि बाडेनच्या पुष्कळ भागात, अगदी उलट रीत होती. तिथे सगळ्या मुलांना सारखा वाटा. परिणाम आपल्या ओळखीचा: पट्ट्यांच्या पट्ट्या, बांधच बांध. १८१६ साली उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली आणि पुढच्या वर्षी व्युर्टेम्बेर्गमधून लोकांचे लोंढे रशिया आणि अमेरिकेकडे निघाले. याच मुलखातला अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट याने १८४२ साली एक पुस्तिका लिहिली. तिचं नावच तिचा सारांश होता: शेतीची घडण, बुटकी शेतं आणि देशांतर.

म्हणजे उत्तरेत जमीन अखंड राहिली, तरी माणसं बाहेर पडली. नैर्ऋत्येत जमीन वाटली, तरी माणसं बाहेर पडली. शेत वाढत नाही आणि घर वाढतं, या साध्या गणिताला कुठलाच वारसा कायदा चुकवू शकत नाही. कायदा एवढंच ठरवतो की आधी काय वाटायचं, जमीन की माणसं. पाचशे वर्षांचा देखणा होफ पाहताना त्यातून बाहेर पडलेली माणसं मोजायला हवीत. तो त्यांच्या जिवावर उभा आहे.

आपलं थळ, आपलं वतन

मराठी मुलखात असं काही नव्हतं का? होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी दख्खनच्या गावांची माहिती गोळा करू लागले तेव्हा त्यांना ‘थळ’ सापडलं. गावाची जमीन मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या नावाने विभागलेली होती. एक घराणं म्हणजे एक जथा, एका जथ्याचं एक थळ. सारा भरण्याची जबाबदारी जथ्याची सामाईक. आणि पुण्याच्या कलेक्टर रॉबर्टसनला आश्चर्य वाटलं ते याचं, की मूळ घराण्याचा एकही वंशज उरला नसला तरी थळाला त्याच घराण्याचं नाव चालू होतं. वेस्टफालियातल्या घरजावयाला हे ऐकून परकं वाटलं नसतं.

मिरासदाराचा, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेची मालकी असलेल्या शेतकऱ्याचा, हक्कही चिवट होता. दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परत आला तरी तो आपली जमीन मागू शके. आणि वतन तर सगळ्यांच्या वरचं. पाटीलकीत जमीन, मानपान, सणाचा पहिला मान, सगळं वंशाला बांधलेलं.

पण एका मुद्द्यावर आपली वाट जर्मन उत्तरेपासून वेगळी झाली. इसवी सन ११००च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. ती मिताक्षरा. तिने सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. बापाने दिला म्हणून नव्हे, बाप मेला म्हणूनही नव्हे, जन्मला म्हणून. केवढा धीट विचार! जर्मन धाकट्या भावाला हे वाक्य कुणी सांगितलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. वतनातही मानाची वडीलकी थोरल्या घराकडे राही, पण उत्पन्नाचे भाग पडत. पाटीलकीची तक्षीम होई, अर्धी पाटीलकी विकली जाई.

न्याय मिळाला, जमिनीचा मात्र चुरा झाला. महाराष्ट्रात १९७०-७१च्या कृषी गणनेत सरासरी वहितीखालची जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. याच काळात खातेदार सुमारे पन्नास लाखांवरून दीड कोटीच्या वर गेले. जर्मनीत २०२०च्या गणनेत शेतं सुमारे २ लाख ६३ हजार आणि सरासरी ६३ हेक्टर. त्या सरासरीत पूर्वेकडच्या अवाढव्य शेतांचाही हात आहे, तरी फरक डोळ्यांत भरतो. एक हिशेब करा. आजोबांचे सोळा एकर, चार मुलं, प्रत्येकाला पुन्हा चार. नातवाच्या हाती एक एकर. त्या एकरात कोरडवाहू कापूस लावून संसार होत नाही. मग तापी खोऱ्यातली रेल्वे, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली मागे टाकत उधना.

माग असा वाटता येत नाही. चार भावांनी एक माग चार ठिकाणी कापला तर कापड शून्य, हे खात्यातल्या पोरालाही कळतं. शेत मात्र कापलं तरी थोडंफार पिकतं आणि म्हणूनच कापलं जातं.

दोन देश, दोन सालं

इतिहास कधीकधी असा योगायोग घडवतो की कादंबरीकाराने लिहिला तर संपादक खोडून टाकेल.

१८७४ साली प्रशियाच्या ताब्यातल्या हानोवर प्रांतात होफांचा कायदा झाला. ज्याला आपला होफ अखंड ठेवायचा असेल त्याने न्यायालयातल्या नोंदवहीत तो नोंदवावा, मग तो एकाच वारसाकडे जाईल. त्याच १८७४ साली मुंबई इलाख्यात वतन कायदा आला. वतनाची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय वतनदार घराण्याबाहेर कायमची देता येणार नाही आणि काम करणारा प्रतिनिधी वतनदार कोण ते नोंदीत असेल. दोन्हीकडे वंशपरंपरेची जमीन बाजाराच्या हातून वाचवायची धडपड. फरक असा, की तिकडे होफ वाचवायचा होता, इकडे सरकारला हुद्दा चालवायचा होता. आणि इकडे त्या हुद्द्यांच्या उतरंडीच्या तळाशी महार वतन होतं. नाममात्र मोबदल्यात गावकी आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात याच १८७४च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. अखंड वारशाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न इतक्या थेटपणे फार थोड्यांनी विचारला.

मधे जर्मनीने एक भयंकर वळण पाहिलं. सप्टेंबर १९३३मध्ये नाझी सरकारने वारसा-शेतांचा कायदा केला. साधारण साडेसात ते सव्वाशे हेक्टरचा होफ विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, वाटता येणार नाही. आणि ‘शेतकरी’ म्हणवून घ्यायचा हक्क फक्त ‘जर्मन रक्ताच्या’ माणसाला. ज्यू माणूस कायद्यानेच शेतकरी असू शकत नव्हता. वसुलीच्या सोयीसाठी जन्मलेल्या रिवाजाला रक्ताचं तत्त्वज्ञान चिकटवलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी तो कायदा रद्द केला आणि १९४७ साली ब्रिटिश अमलाखालच्या उत्तर जर्मनीत नवा होफ कायदा लागू झाला. त्याच १९४७ साली मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. तेव्हा खानदेश आणि सुरत दोन्ही एकाच मुंबई प्रांतात होते, म्हणजे लिंबायतकरांच्या दोन्ही गावांना तोच कायदा लागू. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही, हे त्याने सांगितलं. पण जर्मन कायद्याप्रमाणे एक वारस नेमायची सक्ती नव्हती. वारस सगळेच राहिले. तुकडा कागदावर पडेना, तेव्हा सातबाऱ्यावर नावांची रांग वाढत गेली आणि प्रत्यक्षात बांध पडले ते भावांच्या तोंडी समजुतीने. पाटलांचा महसुली हुद्दा पुढे १९६२च्या कायद्याने गेला. आडनाव कुणी काढून घेऊ शकलं नाही.

जर्मन कायदाही जागचा हलला. मुलीआधी मुलगा, हा त्यातला नियम १९६३ साली तिथल्या घटना न्यायालयाने रद्द ठरवला. आपल्याकडे मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला मिळाला.

लिंबायतच्या पोटातलं शेत

जर्मनीचा एक धागा तर थेट सुरतेच्या रस्त्यांत आहे. लिंबायत, डिंडोली, गोडादरा ही एकेकाळची शिवारं. शेतांची शहरं करताना गुजरातेत टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम वापरतात. आडव्यातिडव्या शेतांचे तुकडे आधी एकत्र धरायचे, रस्ते-शाळांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी फायनल प्लॉट पाडून मालकांना परत द्यायची. ही पद्धत १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची, आणि तिची एक मुळी फ्रांकफुर्टला जाते. तिथले महापौर फ्रान्स आदिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा १९०२चा कायदा हेच करत होता. फ्रांकफुर्टच्या भोवतालची शेतं वाटण्यांनी चिंध्या झालेली, म्हणून हा उपाय. आणि आदिकेस स्वतः जन्मले होते हानोवरच्या मुलखात, म्हणजे अखंड होफांच्या देशात!

लिंबायतच्या खानदेशी घरांमध्ये अखंड काय राहिलं, असं विचारलं तर उत्तर श्रावणात मिळतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. भाऊबंदांच्या नावाने सव्वा मुठीच्या मापाने गहू मोजतात, त्याचे रोट होतात आणि ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. ज्यांच्यात बांधावरून बोलणं बंद आहे त्यांचेही गहू मोजले जातात. जर्मनांनी जमीन एकत्र ठेवून भावंडं पांगवली. आपण जमीन पांगवून भावकी धरून ठेवली.

आणि एक कलम जर्मनांकडून उसनं घ्यावं असं आहे. तिथल्या होफ कायद्यात शेत ज्या एका वारसाला मिळतं, तो बाकीच्या भावंडांना पैसे देतो. पण बाजारभावाने नव्हे, शेतीच्या मूल्याने, म्हणजे बरेच कमी. कारण बाजारभाव द्यायचा तर शेतच विकावं लागेल. भावंडं हा कमी पैसा पत्करतात एका अटीवर. त्या वारसाने वीस वर्षांच्या आत शेत विकून टाकलं, तर त्या पैशात त्यांचा पुन्हा हक्क जागा होतो. स्वस्तात मिळालं ते कसायला मिळालं, विकायला नव्हे.

लिंबायतमधल्या कित्येक घरांत आज हाच पेच आहे. एक भाऊ गावी वावर कसतो, तिघे सुरतेत माग चालवतात आणि सातबाऱ्यावर नाव चौघांचं. तिघांना जमीन कसायची नाही, पण हक्कसोडपत्रावर सही करायला हात धजत नाही. भीती एकच असते: आज आपण सोडायचं आणि उद्या तिथून हमरस्ता गेला की हा एकटा कोटींत खेळायचा. वीस वर्षांची ती अट नेमकी याच भीतीवर लिहिलेली आहे. ती भावावर विश्वास ठेवायला सांगत नाही, अविश्वासाला मुदत आणि किंमत घालून देते. आपल्याकडे असा कायदा नाही. पण चार भावांनी चांगल्या वकिलासमोर बसून असा करार आपसात करायचं ठरवलं, तर निदान बोलणं कशावर करायचं ते तरी कळेल. वावर एकाच्या हाती राहील, इतर तिघांचा वाटा बुडणार नाही आणि पुढच्या पिढीला सोळाव्या हिश्शाच्या बांधावरून कोर्टात जावं लागणार नाही.